बिनशिट्टीचा कुकर

माझ्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा पहिली प्रत मी देवापुढे ठेवली आणि दुसरी खालच्या मजल्यावर घरमालकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, पत्रिका नीट वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली, आणि हळू आवाजात म्हणाले, "चुका चार. तीन छापखान्याच्या आहेत. चौथी आपली आहे, पण आता कार्यालय ठरलंय म्हणताय, तर असू द्या." चौथी चूक कोणती, हे बायको मला अजून विचारते. मी अजून सांगितलेलं नाही.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या तीन मजली इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मी अकरा वर्षं भाडेकरू होतो. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी एकांकिका लिहिणं, असे माझे दोन संसार होते. खरा संसार व्हायचा होता. घरमालक फौजेत सिग्नलमध्ये होते. कानाला हेडफोन लावून बिनतारी संदेश ऐकायचे आणि पुढे धाडायचे, हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या लढाईत ते आघाडीवर होते आणि लढाई संपल्यावर थोड्याच दिवसांत सुभेदार म्हणून पेन्शन घेऊन घरी आले. अख्खी आळी त्यांना सुभेदार म्हणे. ते मला 'लेखक' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला अकरा वर्षांत आला नाही.

फौजी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पिळदार मिशा आणि खणखणीत आवाज येतो. सुभेदारांना मिशा नव्हत्या आणि आवाज तर जवळजवळ नव्हताच. ते इतकं हळू बोलत की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. भांडणात आवाज आणखी खाली जाई. एकदा फाटकासमोर स्कूटर आडवी लावणाऱ्या एका गृहस्थांशी त्यांची जुंपली. ते गृहस्थ तारस्वरात, आणि हे देवघरात बोलावं तसे. "काय? काय म्हणालात?" करत ते गृहस्थ पुढे पुढे सरकले, कान पुढे केला, आणि कान पुढे करून माणसाला भांडता येत नाही हे लक्षात आल्यावर स्कूटर काढून निघून गेले.

चुका काढणं हा त्यांचा छंद नव्हता, तो त्यांचा दिनक्रम होता. चूक दिसली की तर्जनी वर करून फक्त "चूक" म्हणायचं आणि संध्याकाळी एकूण आकडा सांगायचा. "आज अकरा. आपल्या त्यात चारच. सुधारणा आहे." जिन्यात कुणी चपला वेड्यावाकड्या काढल्या, तर सुभेदार त्या जोडीने, टाचा भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे, अशा लावून ठेवत. निघायची वेळ आली तर पाय थेट चपलेत गेले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. माझे एक मामा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. दहा मिनिटांनी पाहतात तर चपला जायच्या तयारीत उभ्या. यजमानांनी सुचवलं ते समजलो, असं म्हणून ते उठले आणि पुन्हा कधी आले नाहीत. मामांचा स्वभाव पाहता त्याबद्दल मी सुभेदारांचा आजन्म आभारी आहे.

लग्नाला गेले की ते आधी कार्यालयाची बाहेर पडायची दारं मोजत आणि सर्वांत जवळच्या दाराशी खुर्ची घेत. चहा घेत तो नुसता कप. बशी कधी घ्यायची नाही. "बशीशी काय वैर आहे?" असं मी एकदा विचारलं. "बशी ही कपाची चूक आहे," म्हणाले. हे वाक्य मी मित्रांत बरीच वर्षं वापरलं.

पण पेठेत सुभेदार प्रसिद्ध होते ते त्यांच्या दिवाळसणासाठी. नव्या जावयाला पहिल्या वर्षी सासरी बोलावतात, त्याला उटणं लावतात, ओवाळतात, अंगठी-बिंगठी देतात आणि विषय संपतो. सुभेदार दर दिवाळीला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना घेऊन लोणी काळभोरला सासरी जात आणि भाऊबीज उलटून गेल्यावर येत. काकूंच्या भावाची वस्ती गावापासून लांब, उसाच्या मध्ये होती. गणपती विसर्जनाच्या दिवशीही ते तिकडेच. समोरचे एक पेन्शनर दरवर्षी न चुकता गॅलरीतून विचारत, "काय सुभेदार, यंदाही पहिलाच का?" सुभेदार खालून सांगत, "सासरचे सोडत नाहीत. आपल्याला कुणी बोलावत नाही वाटतं?"

न्यायला मेहुणे स्वतः जीप घेऊन येत. गडी मोकळ्या मनाचा. पिशव्या उचलता उचलता मला म्हणाले होते, "बघा की हो लेखक, ह्यो एकविसावा. दाजींचं केस पांढरं झालं, पर दिवाळसण काय संपंना. आवंदा बी उटणं भिजवून आलोय." सुभेदार जीपमध्ये बसून पुढे बघत होते. काकू मात्र माहेरवाशिणीसारख्या हसत होत्या. मला वाटे, काय ओढ आहे बाईंना माहेरची!

ही ओढ खोटी आहे, हे मला एका रविवारी कळलं. रविवारी काकू मला जेवायला बोलावत. सुभेदार दूध आणायला गेलेले, काकू ओट्याशी उभ्या, आणि गॅसवर कुकर. कुकरची शिट्टी थरथरायला लागली, आता होणार, तेवढ्यात काकूंनी चिमट्याने ती अलगद उचलून धरली. फुस्स करून वाफ निघून गेली. त्यांनी ती पुन्हा बसवली. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. आणि मग माझ्या लक्षात आलं की पाच वर्षांत मी खालच्या घरातून कुकरची शिट्टी एकदाही ऐकलेली नाही. वर-खाली, शेजारीपाजारी सकाळी सगळीकडे शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ असे. हेच एक घर गप्प.

"काकू, होऊ द्या की शिट्टी. वरण कच्चं राहील."

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा. पण हे कुठं बोलायचं नाही. शपथ घ्या."

मी घेतली. लगेच घेतली. लेखकाने इतक्या लगेच घेतलेल्या शपथेवर कुणी विश्वास ठेवू नये.

लढाईवरून सुभेदार घरी आले त्या वर्षी भावाने काकूंना कुकर दिला होता. नवलाईची वस्तू. काकूंनी पहिला कुकर लावला, सुभेदार शेजारी उभे राहून कौतुकाने पाहत होते. शिट्टी झाली. पुढचं काकूंना कळलंच नाही. त्या फरशीवर आडव्या होत्या, हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या, आणि सुभेदार त्यांच्या अंगावर, त्यांचं डोकं आपल्या छातीखाली घेऊन, गच्च डोळे मिटून पडले होते. कुकरने पुढची शिट्टी दिली तसे ते आणखी घट्ट झाले. मग केव्हातरी उठले. काकूंना हात देऊन उठवलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पाय घसरला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हो, फरशी ओलीच होती."

एवढंच. त्यावर त्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून काकू चिमटा घेऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. दिवाळीत फटाके वाजतात म्हणून सुभेदार म्हणाले, तुला माहेरी नेतो. काकू म्हणाल्या, न्या, मला फार ओढ लागली आहे.

"खरं सांगू का," काकू मला म्हणाल्या, "तिथल्या डासांनी जीव नको झालाय. पण त्यांना वाटतं, मला काही ठाऊक नाही. तसंच राहू दे. कळलं तर लाजतील. फौजी माणूस आहे."

तेवढ्यात सुभेदार दूध घेऊन आले. काकूंनी वरण वाढलं. डाळ अर्धी शिजलेली. त्या घरात मी पाच वर्षं जेवत होतो आणि काकूंना वरण जमत नाही, असं मनात म्हणत होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

वर्षभराने माझ्या एका दिग्दर्शक मित्राने सिनेमा काढायचं ठरवलं. लढाईवरून परत आलेला एक जवान, त्याची बायको, त्याची आई, आणि घरात येऊन बसलेली लढाई. बंदूक एकही नाही. कथा-पटकथा माझी. फौजेच्या बारकाव्यांसाठी सल्लागार हवा होता, तेव्हा मी सुभेदारांना विचारलं. "चुका काढायला माणूस हवा आहे," असं सांगितल्यावर त्यांनी शर्ट बदलायला आत जाण्यापुरताच वेळ घेतला.

पहिल्याच दिवशी त्यांनी दुपारपर्यंत छत्तीस चुका काढल्या. नायकाचे केस, बुटाची लेस, ट्रंकेवरच्या अक्षरांची जागा. नायक बिचारा सकाळी जवान होता, संध्याकाळपर्यंत रंगरूट झाला. "हा चालतो कसा? पोस्टात तिकिटं घ्यायला निघाल्यासारखा," असं त्यांनी त्याच्या कानात सांगितलं. त्याला ते तीनदा विचारून ऐकावं लागलं, त्यामुळे तीनदा लागलं.

मग तो प्रसंग आला. जवानाच्या मनातली खळबळ दाखवायची होती. दिग्दर्शकाने नायकाला खिडकीशी बसवलं, शून्यात बघायला सांगितलं, चेहऱ्यावर अर्धा प्रकाश टाकला. सगळे गंभीर झाले. सुभेदारांची तर्जनी वर गेली.

"चूक."

"आता यात काय चूक?" दिग्दर्शक वैतागला.

"असा बसला तर घरचे विचारतील, काय होतंय म्हणून. त्याला तेच नको आहे. तो पेपर वाचेल. आईशी पाण्यापावसाचं बोलेल. हसेलसुद्धा."

"मग त्याच्या मनात काय चाललंय, ते लोकांना कळणार कसं?"

सुभेदार म्हणाले, "त्याला चहा द्या. तो कप घेईल, बशी घेणार नाही. बशी हातात धरली की कप वाजतो. म्हणून घेत नाही."

कुणीतरी चहाचा ट्रे फिरवत होतं. सुभेदारांनी त्यातला नुसता कप उचलला आणि खिडकीबाहेर पाहत प्यायले. बशीवरचं ते वाक्य मी त्यानंतर कधी कुणाला सांगितलं नाही.

आता माझी चूक सांगतो. पटकथेत कुकर होता. चिमटा होता. "पाय घसरला" होतं आणि "फरशी ओलीच होती" हेही होतं, अगदी जसंच्या तसं. मी स्वतःची समजूत घातली होती की गोष्ट जगात पोचली पाहिजे वगैरे. खरं म्हणजे इतका चांगला प्रसंग मला आयुष्यात सुचला नसता, म्हणून मी तो उचलला होता. तो चित्रित झाला दिवाळीच्या सुट्टीत, कारण नायिका तेव्हाच मोकळी होती. सल्लागार तेव्हा बाविसाव्या दिवाळसणाला लोणीला गेले होते. मी मुद्दाम तसं घडवलं नाही, पण घडतंय हे पाहून मला हायसं वाटलं, हेही तितकंच खरं.

सिनेमा तयार झाला. एका थिएटरात रविवारी सकाळचा खेळ मिळाला आणि सुभेदारांनी जाहीर केलं की ते सपत्नीक येणार. माझी झोपच उडाली. बावीस वर्षं दोघांनी एकमेकांसाठी जपलेली एक गोष्ट मी चारशे माणसांपुढे उघडी करणार होतो, आणि त्या चारशेत ते दोघे शेजारी शेजारी बसलेले असणार होते. सुभेदारांना कळेल की काकूंना सगळं माहीत आहे. काकूंना कळेल की मी बोललो. खोली गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण त्या घरातलं काहीतरी मोडलं असतं, आणि ते कुठून आणून देणार होतो?

मी बरेच प्रयत्न केले. सिनेमा रटाळ झाला आहे म्हणालो. "आपण लिहिलाय, म्हणजे कल्पना होतीच," सुभेदार म्हणाले. खुर्च्या मोडक्या आहेत म्हणालो. "मी खंदकात बसलोय." काकूंना एकटं गाठून सगळं सांगून टाकावं, म्हणून दोनदा जिना उतरलो आणि दोनदा दूध मागून परत आलो.

रविवारी सुभेदारांनी थिएटरची दारं मोजली आणि दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसले. शेजारी काकू, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पुडी. मी त्यांच्या मागच्या रांगेत. बशीचा प्रसंग आला तेव्हा सुभेदारांनी समाधानाने मान हलवली. मग पडद्यावर स्वयंपाकघर आलं. ओटा आला. कुकर आला.

मी पडद्याकडे बघितलंच नाही. शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. पडद्यावर शिट्टी झाली. दिग्दर्शकाने ती बरीच मोठी ठेवली होती. सुभेदारांची पाठ ताठ झाली, खुर्चीचा हात कर्रकन वाजला, आणि काकूंचा हात त्यांच्या मनगटावर गेला. तो मग तिथेच राहिला. "पाय घसरला." "हो, फरशी ओलीच होती." थिएटरमध्ये कुणीतरी नाक ओढलं. काकूंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एवढंच पाहिलं. लगेच मध्यंतर झालं. सुभेदार बटाटेवडे आणायला गेले, काकू समोरच्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या, आणि मला फार महत्त्वाचं काम असल्यासारखा मी बुटाची लेस पुन्हा पुन्हा बांधत राहिलो.

खेळ सुटल्यावर आम्ही तिघे बाहेर फुटपाथवर उभे होतो. ऊन लख्ख होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुभेदारांची तर्जनी वर गेली.

"चूक. एकच."

"कोणती?" माझा आवाज त्यांच्यासारखाच झाला होता.

"चिमटा. तुमच्या नटीने उजव्या हातात धरलाय. चिमटा डाव्या हातात असतो. उजव्या हाताने फळीवरच्या रेडिओचा आवाज मोठा करायचा असतो, वाफेचा आवाज झाकायला. एकाच वेळी दोन्ही. सोपं नाही ते."

काकूंची पिशवी खांद्यावरून घसरली. पुण्यात इतकी वर्षं जपलेली शुद्ध भाषाही तिच्याबरोबर गेली. "म्हंजे तुम्हाला ठावं हाय?"

"मी सिग्नलमध्ये होतो," सुभेदार म्हणाले. "ऐकणं हीच माझी नोकरी. बावीस वर्षं घरात कुकर आहे आणि शिट्टी नाही, हे मला कळायला सिनेमा कशाला लागतो?"

"मग कधी बोलला का न्हाई?"

"तू इतकं सांभाळून करत होतीस. म्हटलं, कळलंय असं कळलं तर तुला वाईट वाटेल."

रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या. मग काकूंनी हळूच विचारलं, "आन् ती फरशी?"

"कोरडी होती," सुभेदार म्हणाले.

माझ्याने पाहवलं नाही, मी दुसरीकडे बघायला लागलो. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मग एकदम हसायलाच लागल्या. "आन् मी बावीस वर्षं डास सोसलं!" सुभेदारांनी यावर पहिल्यांदाच चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. डासांचं त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मग ते माझ्याकडे वळले. "लेखक, हे विचारून लिहायचं असतं."

"चुकलो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

"काकूंचीही माफी मागा. शपथ त्यांनी घातली असणार." मी तिथेच फुटपाथवर वाकून नमस्कार केला. "आणि शिक्षा म्हणून पुढच्या दिवाळीला लोणीला चला. उटणं लावून घ्यायचं. डास आहेत." मी तीही भोगली. मेहुण्यांनी मला खरवडून काढलं.

पण त्याआधीची, सिनेमानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ. मी जिन्यात चपला घालत होतो, म्हणजे माझ्या चपला रस्त्याकडे तोंड करून माझी वाट पाहत होत्या. खालचं दार उघडं होतं. काकू पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि उंबऱ्यातून आत बघून म्हणाल्या, "अहो, कोथिंबीर घेऊन येते. कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा."

घरोघरी नवऱ्यांना रोज मिळणारी ही ऑर्डर. सुभेदारांना ती पहिल्यांदाच मिळत होती. काकू फाटकापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. मीही जिन्यात थांबलो. आतून पहिली शिट्टी झाली आणि पाठोपाठ सुभेदारांचा आवाज आला. चक्क मोठा, कवायतीच्या मैदानावरचा. "एक!"

काकूंनी फाटकाची कडी धरून ठेवली होती.

"दोन!"

मग गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. काकू परत आल्या. कोथिंबीर आणलीच नव्हती. सुभेदार ओट्याशी उभे होते, कपाळावर घाम, एक हात बटणावर.

"तीन सांगितल्या होत्या," काकू म्हणाल्या.

"आज दोनच झाल्या."

"बरं. उद्या बघू."

त्या दिवशी मलाही तिथेच जेवायला बसवलं. वरणातली डाळ दाताखाली येत होती. सुभेदारांनी ते दोनदा मागून घेतलं, आणि चूक एकही काढली नाही.